माझ्या डोक्यात न गेलेली सळई

माझा राग मी कमावलेला आहे. भद्रकालीत हातगाडीवर जुने पत्रे विकायला सुरुवात केली आणि आणीबाणीच्या आधीच जुन्या लोखंडाचं स्वतःचं आवार उभं केलं, ते या रागाच्या जोरावर. आणि एका प्राध्यापकाने त्याचं सगळं श्रेय एका सळईला देऊन टाकलं. हे मी अजून विसरलेलो नाही.

आमच्या धंद्यात रागाची जागा ठरलेली असते. भाव अडला की घेणारा उठतो, चपला पायात सरकवतो, विकणाऱ्याचा उद्धार करतो आणि चालू लागतो. मग दलालाने मागून धावायचं, दंड धरायचा, "शेट, असं उठून नाय जायचं" म्हणत परत ओट्यावर बसवायचं आणि चहा मागवायचा. चहा येईपर्यंत भाव खाली आलेला असतो. मी उठायचो तसं अख्ख्या नाशकात कोणी उठत नसे.

घडलं ते एवढंच. ट्रकमधून माल उतरवताना एक सळई घसरली आणि माझ्या कानाच्या वर खोक पडली. डॉक्टरांनी टाके घातले, पट्टी बांधली. मी आवारात परतलो आणि अडलेला सौदा पुरा केला.

पट्टी डोक्यावर असतानाच कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे हे सर माझ्याकडे आले. गंगापूर रोडला बंगला बांधत होते, खिडक्यांना जुने गज हवे होते. घासाघिशीची हौस दांडगी, पण ती येत नव्हती. त्यांनी भाव इतका पाडून मागितला की मी उठलो. तेव्हा जवळ दलाल नव्हता. सर बिनगजाचे परत गेले, पण जाताना माझी पट्टी नीट बघून गेले.

वर्गात ते दरवर्षी अमेरिकेतल्या एका रेल्वे कामगाराची गोष्ट सांगत. सुरुंग उडाला, लोखंडी पहार गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली, माणूस वाचला पण स्वभाव पार बदलला. त्या वर्षी त्या कामगाराला नाशिकचा भाऊ मिळाला. आधी गाईसारखा गरीब, मार बसल्यावर वाघ! माझी आई हयात असती तर तिने वर्गात जाऊन विचारलं असतं, कोणती गाय ती?

पोरं सुट्टीत आपापल्या गावी गेली आणि माझी खोक बरोबर घेऊन गेली. निफाडला पोहोचेपर्यंत कवटी फुटली. वणीला सळई आरपार गेली. पुढे कोणीतरी मला अपघाताआधी भजनी मंडळात नेऊन बसवलं. सटाण्याकडच्या एका ट्रक ड्रायव्हरने तर, मीच तो हे माहीत नसल्याने, मलाच सांगितलं, "नाशिकमा एक शेट शे, त्याना डोकामा आजून सळई शे." डॉक्टर म्हणे ती काढायला घाबरतात.

इथवर मी हसलो. मग चांदवडला एका बंद गोदामाचं लोखंड विकायला निघालं. भाव अडला. मी उठलो, चपला घातल्या, मालकाचा यथासांग उद्धार केला आणि चालू लागलो. मागे पावलं वाजेनात. रस्त्यावर पोहोचून वळून पाहिलं, तर मालक आणि दलाल ओट्यावर हळहळत बसलेले.

"अरे, येतोस की नाही?" मी दलालावर ओरडलो.

"शेट, तुम्ही घरी जा. जरा पडा. डोक्याला ताण नका देऊ."

"त्या बिचाऱ्याचा काय दोष हाय त्यात?" मालक म्हणाला. लोखंड दुसऱ्याला गेलं.

बिचारा! ज्या रागाला लोक घाबरायचे, त्याची आता कीव करू लागले. कीव पदरात घेऊन लोखंड मिळत नाही. असंच चाललं तर आवाराला कुलूप लागणार होतं.

सरांना गाठायचं ठरवलं, पण जाण्याआधी मी तयारी केली. वाचनालयातल्या एका बाईंकडून त्या अमेरिकन माणसाची हकिकत इंग्रजीतून वाचून घेतली. मग सरांच्या बंगल्यावर गेलो.

"सर, ती सळई काढा."

"कुठून?"

"माझ्या डोक्यातून."

"अहो, मी खोकच सांगतो. मुलं वाढवतात."

"आणि गाय?"

"उदाहरणाला आधी आणि नंतर असं काहीतरी लागतं."

"तुमचा अमेरिकन नंतर कितीतरी वर्षं घोडागाडी हाकत होता. प्रवासी नेत होता. ते का नाही सांगत?"

"ते सांगितलं की मुलांचा गोंधळ होतो."

मी उठलो. यावेळी सौदा म्हणून नाही, मनापासून. चपला घातल्या, सरांचा उद्धार सुरू केला. ते खुर्चीतून शांतपणे म्हणाले, "बघा, हेच ते."

तेवढ्यात आतून त्यांची बायको धावत आली. ती लहानपणी आमच्याच गल्लीत राहायची. तिने माझा दंड धरला.

"बस रे खाली. चहा टाकलाय." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, हा गोट्या खेळतानासुद्धा असाच उठायचा. आम्ही ओढून आणायचो आणि मग ह्याचंच खरं करायचो. कसली सळई घेऊन बसलाय!"

किती तरी दिवसांनी कोणीतरी मला रीतीने परत बसवलं होतं. मी विजयाने सरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला.

"स्मरणशक्ती फार फसवी असते," ते म्हणाले. "आजचा माणूस आपण त्याच्या लहानपणाला नेऊन चिकटवतो."

पुढच्या वर्षी वर्गात नवं उदाहरण आलं म्हणे: एक गृहिणी, जिला शेजाऱ्याचं बालपण खोटं आठवतं. सळई होती तिथेच राहिली.

चांदवडच्या त्याच मालकाने नंतर दुसरं गोदाम विकायला काढलं. मी गेलो. दलाल काळजीने पाण्याचा तांब्या घेऊन जवळ बसला. मी हळू आवाजात एकच भाव सांगितला आणि मान खाली घालून गप्प बसलो. उठलो नाही, बोललो नाही. दोघं एकमेकांकडे बघू लागले. सळईवाला गप्प आहे म्हणजे आता काय होणार, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी मालकच उठला, अंगणात एक चक्कर मारून आला आणि माझ्या भावाला हो म्हणाला.

लोखंड मिळालं. श्रेय पुन्हा सळईला गेलं.