मखमलीवरचा उलटा बाण

माझी धाकटी मुलगी कपड्यांच्या कारखान्यात काम करते. कापडाचे तागे आले की उलगडून तपासायचे, डाग-भोकं शोधायची आणि टोकाला खडूने बाण काढून कापड कुठल्या दिशेने लावायचं ते दाखवायचं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की ती आधी प्रार्थनेसाठी डोळे मिटते. तेवढ्यात शेजारच्या बायका तिचं अंडं पळवतात आणि वर म्हणतात, "पाळकीणबाई, देवाने नेलं हो." ती म्हणते, "मग उद्या त्याच्यासाठी दोन आणते." आणि खरंच आणते! शाळेत असताना बाईंनी चुकून दोन मार्क जास्त दिले होते, ते ही परत करून आली आणि नापास झाली. अशा मुलीवर चिडायचं नाही तर काय करायचं?

पण या महिन्यात मी जेवढी चिडले, तेवढी आयुष्यात कधी चिडले नव्हते.

कारखान्यात हॉटेलच्या दरवानांचे मखमली कोट शिवायला आले होते. मखमलीला लव असते. थर एकाच दिशेने लावले नाहीत तर काही कोट उजळ दिसतात, काही काळपट. धाकटीने एका ताग्यावर बाण उलटा काढला. तो बघून ताईंनी कापड लावलं आणि कापलं. ताई म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या कटर, बावीस वर्षं कापड कापणाऱ्या. कोट शिवून रांगेत टांगले तेव्हा दोन वेगळ्या हॉटेलांचे वाटत होते. सुपरवायझर सगळ्यांसमोर ताईंना म्हणाला, "सरळ काढलेला बाण दिसत नाही तुम्हाला? डोळे गेलेत तुमचे. उद्यापासून घरी बसा."

संध्याकाळी कचऱ्याच्या पिंपात धाकटीला बाणाची कातरण सापडली, बाण लवेच्या उलट होता. ती घेऊन ती घरी आली आणि माझ्यासमोर ठेवून रडली.

मी काय म्हणाले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, "गप्प बस. तुझ्या बाबांची कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली, घर तुझ्यावर चालतंय. देवाजवळ कबूल कर, तो क्षमा करतो. विषय संपला."

ती गप्प बसली. मात्र रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीची थाळी तिच्यापाशी आली, तेव्हा तिने ती तशीच पुढे दिली. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारीही तेच. आमची मंडळी केवढी, तर साठ माणसांची! सगळ्यांच्या माना वळल्या. चर्चच्या पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मुलीचं काही बिनसलंय का?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

घरी आल्यावर मी तिला फैलावर घेतलं. "तमाशा लावलायस का? लोक काय काय तर्क करतायत, कळतंय तुला?"

"आई, जो माझ्यामुळे दुखावलाय त्याच्याकडे आधी जायचं, मग भाकर घ्यायची. तूच शिकवलंस ना?"

हो, मीच. संडे स्कूलमध्ये पंधरा वर्षं मी हेच शिकवलं, चित्रं चिकटवून.

"ती गोष्ट लहान मुलांची असते गं," मी ओरडले.

"मग मोठ्यांची कुठली?" तिने विचारलं. उद्धटपणे नाही, खरंच विचारलं. त्याचाच जास्त राग आला.

सोमवारी तिने सुपरवायझरसमोर कातरण ठेवली. त्याने ती उचलून टोपलीत टाकली. "पाळकीणबाई, कबुलीजबाब तुमच्या चर्चमध्ये. इथे काम करा. म्हातारी घरी बसली ते बरंच झालं, मी काही ऐकलेलं नाही." तिने टोपलीतून कातरण पुन्हा काढून घेतली आणि सुट्टी झाल्यावर थेट ताईंच्या घराकडे निघाली. निघताना तिने मला फोनवर सांगितलं, म्हणून मी तिला अडवायलाच मागे गेले होते. पोचले तेव्हा ताईंनी दार उघडलेलं होतं आणि ही बोलून चुकली होती.

ताई दारातच उभ्या होत्या, नाकावर नवा चष्मा. कातरण हातात घेऊन त्यांनी अंगठा एकदा वरून खाली फिरवला, एकदा खालून वर.

"तीन आठवडे," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे मी दोन डॉक्टरांकडे जाऊन आले. दोघंही म्हणाले, डोळे ठीक आहेत. माझा विश्वास बसेना. नातीचा फ्रॉक कापायला घेतला आणि कात्री खाली ठेवली, वाकडा कापला जाईल म्हणून. आणि तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस? कोणी सांगितलं गप्प राहायला?"

धाकटीने माझ्याकडे बघितलंही नाही. खोटं ती बोलणार नव्हती, आणि माझं नावही घेणार नव्हती.

"मी सांगितलं," मी म्हणाले.

ताईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "तुम्हीही देवाच्याच का?" उत्तराची वाट न बघता त्या धाकटीकडे वळल्या. "उद्या सकाळी माझ्याबरोबर चलायचं. सगळ्यांच्या देखत बोलायचं."

"बोलते."

"मीही येते," मी म्हणाले.

"तुम्ही कशाला? तुम्ही घरी बसा, प्रार्थना करा."

दार लागलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण कोणावर चिडू?

दुसऱ्या दिवशी भर कारखान्यात धाकटी बोलली. बायकांनी मशिनी बंद केल्या, तेव्हा सुपरवायझरचा नाइलाज झाला. ताई कापायच्या टेबलावर परत आल्या. धाकटीला त्याने शिलाईचे धागे कापायला बसवलं. पगार जवळपास निम्म्यावर आला. हे ती जेवता जेवता सांगत होती, आणि त्या माणसाला मी मनातल्या मनात शिव्या घालत होते, ख्रिस्ती बाईने घालू नयेत तशा.

"आणि ताई? त्यांनी माफ केलं?"

"नाही. सुट्टी होईपर्यंत बोलल्याच नाहीत. मग जवळ येऊन म्हणाल्या, लव ओळखायला तुला कोणी शिकवलं होतं? मी म्हटलं, कोणीच नाही, तुम्ही शिकवा."

"मग?"

"मग काय! म्हणाल्या, आधी धागे काप."