सातभाई आणि माझी खुर्ची

एग्मोरच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त झालो तेव्हा मुलीने तिचा जुना कॅमेरा मला दिला. लेन्स साधीच होती. लांबचा पक्षी तीत ठिपक्याएवढा दिसे. म्हणजे पाखराचा फोटो हवा तर पाखराच्या जवळ जाणे आले, किंवा पाखराने माझ्या जवळ येणे.

तांबरमच्या बाजूला आम्ही ज्या घरात तळमजल्यावर भाड्याने राहतो, त्याच्या मागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे एक विहीर, दोन नारळ, एक शेवगा. त्या शेवग्यावर रोज सकाळी सातभाईंचा थवा उतरायचा. मातकट रंगाची, पांढुरक्या डोळ्यांची, सतत एकमेकांशी भांडल्यासारखी बोलणारी ही पाखरे. त्यात एकदा एक मोठे पाखरू पिल्लाच्या चोचीत किडा भरवताना दिसले. तेवढा एक फोटो काढायचा, असे मी ठरवले. आठवडाभरात होईल असे वाटले होते. सात महिने गेले.

सुरुवातीला मी बाजरी टाकली. ती खारींनी खाल्ली. बेसनाच्या गोळ्या टाकल्या, त्या कावळ्यांनी नेल्या आणि दुसऱ्या दिवशी आणखी कावळे घेऊन आले. मग मातीच्या परळात पाणी ठेवले. सातभाई त्यावर आले, पण मी पंधरा फुटांवर दिसलो की एकजण ओरडायचा आणि सगळे शेवग्यावर. मी खुर्ची टाकून बसू लागलो. रोज ती वीतभर पुढे सरकवायची, हलायचे नाही, खोकायचे नाही. मे महिन्यातल्या उन्हात सकाळी सातलाच पाठीवरून घामाच्या धारा लागत. दहा दिवसांत दहा विती पुढे गेलो की शेजारच्या घरातून कुकरची शिट्टी व्हायची आणि सगळे उडून जायचे. मग खुर्ची पुन्हा मागे.

कपड्यांनीही फरक पडतो हे मला उशिरा कळले. निळ्या शर्टाला पाखरे थोडी सरावली होती. बायकोने तो धुवायला घेतला, मी पांढरा घालून बसलो, तर पाण्याला एकही आले नाही.

"अहो, त्या शर्टाला वास येतोय," बायको म्हणाली.

"येऊ दे. पाखरांना चालतो."

"मला चालत नाही ना. घरात मीही राहते."

या सगळ्यात मला खरा राग यायचा तो घरमालकिणीचा. त्या वरच्या मजल्यावर एकट्याच राहतात. घराणे तंजावरकडचे, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहूनही घरात मराठी बोलणारे. त्यांना मी तिथल्या रिवाजाप्रमाणे मामी म्हणतो. जेवणाआधी कावळ्याला भात ठेवायला त्या रोज खाली येत, आणि सातभाई त्यांच्या पायांत घुटमळत. त्यातला एक तर त्यांच्या पदराला चोच मारी. त्यांना कौतुक नाही, काही नाही. हाताने बाजूला सारून त्या पुढे जात.

एकदा मी चिडून विचारलेच, "मामी, तुमच्याजवळ येतात, माझ्याजवळ का नाही? खायला तर मीच घालतो!"

त्या म्हणाल्या, "तुम्ही असें डोळे वटारून पाहतां, त्यांस भय होतें. मांजर असेंच बसतें की."

"मग मी काय करू?"

"काय काम करायचें तें करा. माझें मी करतें, त्यांचें तीं करतात."

मला ते लागले. तरी दुसऱ्या दिवसापासून मी शेवग्याचा पाला निवडायला घेऊन बसलो. मान खाली, हात चालू. कॅमेऱ्याची सवय व्हावी म्हणून एक खोके काळे रंगवून मांडीवर ठेवले. बायको हसली, पण पाला आयताच निवडून मिळतो म्हणून तिने चालवून घेतले. पंधरा दिवसांनी परळ माझ्यापासून चार हातांवर होते आणि सातभाई पाण्यावर होते. एक माझ्या चपलेजवळ येऊन गळलेले पान उलटून गेला. मी श्वास रोखून बसलो होतो.

मग एका सकाळी खोक्याच्या जागी खरा कॅमेरा घेतला. पिल्लू आले. आईबापांपैकी कोणीतरी हिरवी अळी घेऊन आले. पिल्लाने पंख थरथरवत चोच उघडली. मी कॅमेरा अगदी हळू वर उचलला. कोणी उडाले नाही. मी बटण दाबले.

पडद्यावर अक्षरे आली, कार्ड नाही.

आदल्या संध्याकाळी नातवंडांचे फोटो बघायला बायकोने ते कार्ड कॉम्प्युटरला लावले होते, ते तिथेच राहिले. मला काय झाले कळले नाही. मी ओरडलो, उठलो आणि खुर्ची उचलून विहिरीच्या कठड्यावर आपटली. खुर्चीचा पाय मोडला. पाखरे तर केव्हाच गेली होती. बायको धावत बाहेर आली आणि माझ्याकडे बघून आत गेली.

नऊ दिवस माझ्या परळावर एकही सातभाई आला नाही. सात महिन्यांचे काम मी स्वतःच एका क्षणात मोडले होते, आणि दोष द्यायला दुसरे कोणी नव्हते. दहाव्या दिवशी ती पाखरे मामींच्या मागे मागे आली. मी दारातूनच विचारले, "मामी, तुमच्यासकट फोटो काढू?"

"तोंड नको. पाय पाहिजे तर काढा."

मी दाराआडून काढला. भेगा पडलेल्या टाचा, साडीचा मळका काठ आणि भोवती सातभाई. पिल्लू चोच उघडून आहे, पण भरवणारे पाखरू अर्धे साडीमागे गेले आहे. मला हवा होता तो हा फोटो नव्हे. तरी मी त्याची प्रत काढून वर नेऊन दिली.

मामींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले. बोट ठेवून एकेक मोजले. मग विचारले, "लंगडी कोठें?"

"कोण लंगडी?"

"एका पायानें उड्या मारते ती. ह्यांत नाहीं."

त्यांच्यात एक लंगडी होती हे मला माहीतच नव्हते. सात महिने मी त्यांच्यासमोर बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मामी भात ठेवायला आल्या तेव्हा मीही कॅमेरा घरात ठेवून बाहेर गेलो. आम्ही दोघांनी मोजले. ती नव्हती. त्याच्या पुढच्या दिवशीही नव्हती.