ज्येष्ठेचा उजवा हात

ये गं, जरा जवळ सरक. कागद आहे म्हणून काय झालं, मी समोर बसून बोलते आहे असंच समज. मराठी वाचायला जड गेलं तर मोठ्यानं वाच, कानाला आपोआप कळतं. आधी थोडं रागावून घेते. महालक्ष्म्यांचा फोटो पाहून तूच फोनवर विचारलंस ना, "आजी, ज्येष्ठा का एक हाथ लाल क्यों है?" आणि मी तोंड उघडते न उघडते तोच "मीटिंग है आजी, बाद में" म्हणून फोन ठेवलास. ते तुझं 'बाद में' अजून काही उगवलं नाही. प्रश्न विचारावा आणि उत्तराला थांबू नये, ही कुठली रीत? म्हणून लिहायला बसले. मी काही शिकलेली लेखिका नाही, आठवेल तसं येईल.

त्या हाताची गोष्ट माझ्या जीजीपासून सुरू होते. जीजी म्हणजे माझ्या वडिलांची आई, धारची. तिच्या हातांना विसावा म्हणून माहीत नव्हता. सकाळचा स्वयंपाक आटोपला की ओसरीवर हातमशीन घेऊन बसायची. अख्ख्या मोहल्ल्याची पोलकी, परकर, झबली तिच्याकडे यायची. शिकवलं कुणी? कुणीच नाही. एखादं पोलकं उलटं करून बघायची आणि म्हणायची, "शिवणारणीनं कुठं वळण घेतलं ते शिवणच सांगते." पहिला टाका घालण्याआधी सुई कपाळाला लावायची. चिंधी टाकलेली तिला मुळीच खपायची नाही. चिंध्यांच्या बाहुल्या व्हायच्या, तोरणं व्हायची, रुखवतातले पोपट व्हायचे. एकदा मक्याच्या कणसांच्या सालांची तिनं नऊवारी नेसलेली बाई केली, नाकात नथीसकट, तर ती बघायला दोन गल्ल्यांतल्या बायका आल्या होत्या. मला रागवायचीसुद्धा मशीनच्या तालावर, पण रागावून झालं की तळहातावर गुळाचा खडा ठरलेला.

मी लग्न होऊन देवासला आले तेव्हा इथल्या महालक्ष्म्यांना हात नव्हते. कोठीवर पितळी मुखवटा ठेवायचा आणि खाली साडी नेसवायची, बस. पहिल्या वर्षी जीजी जेवायला आली, बराच वेळ देवीकडे बघत राहिली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "देवी छान आहे गं, पण हात नाहीत तर घराला वाढणार कशी?" पुढच्या भाद्रपदात चार हात शिवून घेऊनच आली. मांजरपाटाचे, हळदीच्या पाण्यात रंगवलेले, पाची बोटं सुटी, नखांच्या जागी लाल रेशमाचे टाके. माझ्या सासूबाई कडक सोवळ्याच्या. त्यांनी हात उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "माहेरचे हात आहेत. राहू देत." पण तेव्हाच एक नेम घातला, की घरच्या बाईशिवाय महालक्ष्म्यांना कुणी शिवायचं नाही. तो नेम मी त्यांच्याहून कडक पाळला. शेजारणींना उंबऱ्यापलीकडून दर्शन. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

यंदा श्रावणात अंगणातल्या शेवाळावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं, हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते सांगते. महालक्ष्म्या यायला तीन दिवस राहिले तेव्हा डाव्या हातानं पेटी उघडली, तर उंदरानं ज्येष्ठेचा उजवा हात कुरतडलेला. तळव्याला हे एवढं भोक, अंगठा लोंबत होता. माझाही उजवाच हात प्लास्टरमध्ये. तुझा बाबा फोनवर म्हणाला, "आई, तयार हात मिळतात, मागवू का? दोन दिवसांत येतील." प्रेमानंच म्हणाला, पण मला ते फार लागलं. धारच्या भावजयीला सांगितलं तर ती म्हणाली, "वन्सं, यंदा नुसता तांब्या मांडा. देवी समजून घेते." देवी घेईलही, मी घेत नव्हते. जीजी गेली तेव्हा मला धारला पोचता आलं नव्हतं, तुझा बाबा पोटात होता. तिचं म्हणून माझ्याजवळ उरलं ते हे चार हात. मनात आलं, देवीनंच हात काढून घेतला. इतकी वर्षं केलंस, आता पुरे, असंच ती सांगते आहे. आणि खरं सांगते, त्या दिवशी मी देवापुढे दिवासुद्धा मनापासून लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटका हात पिशवीत घातला आणि टेकडीवर निघाले. तिथल्या दोन्ही देवळांतल्या मातांना सांगायचं, की यंदापासून महालक्ष्म्या उभ्या करणार नाही, आणि हात तिथंच पायाशी ठेवून यायचं, असं ठरवलं होतं. रिक्षावाल्याला म्हटलं, "भिया, जरा धीरे, हाथ टूटा है." तो म्हणाला, "माताजी, टूटे हाथ से टेकरी चढ़ोगी?" मी म्हटलं, "पाँव तो साबुत हैं ना!" बोलायला बोलले, पण अर्ध्या पायऱ्यांतच दम लागला आणि बसले. शेजारी माळवी लुगड्यातली एक बाई मांडीवर मातेची लाल चुनरी घेऊन तिला जरीच्या गोट्याची किनार लावत होती. कन्नौदकडून आली होती. किनार घरी पुरी झाली नाही, म्हणून वर जाण्याआधी उरलेले टाके घालून घेत होती. तिनं आधी माझं प्लास्टर पाहिलं, मग पिशवीतून डोकावणारी ती पाच बोटं पाहिली आणि दचकलीच. "हे माता! कंई है यो, बई?" तेवढ्या दुःखातही मला हसू आलं. मग काय, मला बोलायला कुणी मिळालं की मी थांबते थोडीच? सगळं सांगितलं.

फाटका हात शिवून द्यायला तिनं आपला हात पुढे केला. "लाव, सी दूँ."

आणि मी काय करावं? पिशवी चटकन मागे ओढली. "नहीं नहीं, हमारे यहाँ बाहर का हाथ नहीं चलता." ती रागावली नाही. "तो मत दो," म्हणाली आणि मान खाली घालून आपलं शिवत बसली. पण माझ्या त्या ओढाओढीत भोक आणखी उसवलं आणि हातातलं भरण पायरीवर सांडलं.

इतकी वर्षं मला वाटत होतं, आत कापूस आहे. कापूस नव्हता गं, चिंध्या होत्या. एकेक उचलू लागले. माझ्या शाळेच्या फ्रॉकचा निळा तुकडा. जीजीच्या लुगड्याची किनार. शेजारच्या बोहरा काकींच्या ओढणीची फुलाफुलांची पट्टी. अमझेऱ्याहून भाजी घेऊन येणारी बाई होती, तिच्या घागऱ्याची छापील छींट. मोहल्ल्यात जिचं जिचं म्हणून काही शिवलं, तिचं तिचं थोडं जीजीनं देवीच्या हातात भरून ठेवलं होतं, आणि कुणाजवळ एक अक्षर बोलली नव्हती. बाहेरच्या बाईचा स्पर्श होऊ नये म्हणून मी ज्याला जपत आले, तो हात आतून सगळा बाहेरच्याच बायांचा होता. मी तो उचलून त्या बाईच्या मांडीवर ठेवला.

तिनं चिंध्या माझ्याबरोबर वेचल्या, निगुतीनं परत भरल्या. चुनरीच्या कापडातला एक तुकडा उरला होता, तो तळव्यावर ठेवला. मी विचारलं, "माता की चुनरी का है, चलेगा?" दातानं दोरा तोडत म्हणाली, "माता को ज हाथ है, बई." मातेचाच तर हात! आणि पहिला टाका घालण्याआधी तिनं सुई कपाळाला लावली. मी काही म्हणत नाही. शिवणाऱ्या पुष्कळ बाया तसं करत असतील. पण माझे डोळे भरून आले ते आलेच. शेवटी अंगठा दाबून बघत म्हणाली, "अंगूठो पोलो रई ग्यो. घर को कपड़ो भर लीजो," आणि पोकळ राहिलेल्या अंगठ्यात घरचं कापड भरायला तिथं बोटभर शिवण उघडी ठेवली. मी तिला महालक्ष्म्यांच्या जेवणाचं आमंत्रण दिलं, तर हसून म्हणाली, "माता बुलावेगी तो आवांगा." वर दर्शनाला गेल्यावर जे सांगायला आले होते ते मी सांगितलंच नाही. नुसती हात जोडायला गेले, तर तेही प्लास्टरमुळे जोडता येईनात. डावाच हात कपाळाला लावला. उतरताना तिला शोधलं, दिसली नाही.

घरी येऊन आपल्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरणीला हाक मारली. तीन वर्षं राहते, देवघराचा उंबरा मी तिला कधी ओलांडू दिला नव्हता. म्हटलं, "बेटा, परसों साड़ी पहनानी है." "किसको, आंटी?" "देवी को." महालक्ष्म्या यायच्या दिवशी ती न्हाऊन, पदर खोचून आली. निऱ्या भलत्याच बाजूला गेल्या, कनिष्ठा रुसल्यासारखी जरा तिरकी उभी राहिली आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या चांगल्या पराठ्यासारख्या जाड झाल्या. मी पाटावर बसून नुसती सांगत होते. एरवी मी दोन दिवस अशी धावत असते, की देवीचं तोंड बघायला मिळतं ते आरतीला. यंदा पहिल्यांदा पोटभर बघितलं. कन्नौदच्या बाईसाठी एक पान मांडलं होतं. ती आली नाही, तेव्हा त्या पानावर मास्तरणीला बसवलं. मला डाव्या हातानं पोळी तुटेना, तर तिनंच घास करून भरवला. समोर ज्येष्ठा उभी, उजवा तळवा लाल. जीजीचा प्रश्न आठवला, हात नाहीत तर वाढणार कशी? वाढते गं. कुणाच्याही हातानं वाढते. आपण फक्त पिशवी मागे ओढायची नाही.

प्लास्टर आता निघालं आहे, बोटं हळूहळू वळतात. पण ज्येष्ठेचा अंगठा मी अजून शिवलेला नाही. मास्तरणीच्या ओढणीचा एक तुकडा आत घातला आहे, तरी थोडी जागा आहे. तुझ्या एखाद्या जुन्या कुर्त्याची चिंधी घेऊन ये. पोस्टानं पाठवू नकोस, स्वतः आण. सुईचं नेढं मला आता दिसत नाही, दोरा ओवायला तूच हवीस. लवकर ये.