राखाडी कुरड्या

पर्यावरणावर भाषण ठोकणारा माणूस दिसला की माझं अजूनही डोकं फिरतं. एका संध्याकाळी माझ्या हातात कडुनिंबाचं रोप दिलं गेलं, 'वसुंधरा वाचवा' म्हणून सांगितलं गेलं आणि त्याच माइकवरून माझ्या शिक्षणाबद्दल धडधडीत खोटंही सांगितलं गेलं. खोटं बोलणारे होते मावसाजी, म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. आणि ते ऐकून टाळ्या वाजवणारे होते माझे बाबा.

आम्ही भिलाईजवळच्या चरोद्याचे. बाबा मालगाडीवर गार्ड, नागपूरकडून बदली होऊन इकडे आलेले. आमचं क्वार्टर यार्डाच्या इतकं जवळ की शंटिंगचा धक्का बसला की मांडणीवरची भांडी वाजायची. एकीकडे यार्ड, दुसरीकडे हथखोजचे कारखाने, मधून ट्रकांचा रस्ता. सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोटाने नाव लिहिता यायचं. लहानपणी मी विचारायची, "बाबा, ये धूल किसकी है?"

"कोनाची म्हंजे?" बाबा म्हणायचे. "धुळीले का मालक असते?"

अकरावीत शाळेच्या प्रकल्पासाठी मी खरोखरच हे विचारत हिंडले. यार्डातले म्हणाले, कारखान्यांची. कारखान्याच्या फाटकावरचे म्हणाले, ट्रकांची. ट्रकवाले म्हणाले, यार्डाची. सगळे अगदी गोड बोलले, एकाने तर चहासुद्धा पाजला. तो चहा पिऊन घरी आले तेव्हा मी इतकी भडकलेली होते की जेवले नाही. अशा धुळीबद्दलचा नियम करतं कोण, कोणासाठी करतं आणि मोडला तर जाब विचारायचा कोणाला, हे शिकवणारी पदवी असते असं मला पुढे कळलं आणि मी तिथेच ठरवून टाकलं.

कॉलनीतल्या बायकांनी मात्र कोणालाही न विचारता आपला तोडगा काढलेला होता. चरोद्याच्या आमच्या लाइनीत उन्हाळ्यात कोणी गच्चीवर वाळवण घालत नसे. आई कुरड्यांचा गहू घरी भिजवायची, वाटून चीक काढायची आणि चिकाचा गंज, म्हणजे उभं पातेलं, फडक्याने घट्ट बांधून सकाळच्या लोकलने दुर्गला न्यायची. तिथून ऑटो करून बोरसीला, मावशीकडे. मावशीच्या गच्चीवर कुरड्या पांढऱ्या शुभ्र वाळायच्या. लोकलमध्ये असे गंज मांडीवर घेतलेल्या आणखी दोघी-तिघी भेटायच्या आणि कोणाचा चीक आंबट झाला, कोणाचा नाही, याच्या गप्पा रंगायच्या. आपल्या डोक्यावर एवढं रणरणतं ऊन असताना ते सोडून दुसऱ्याच्या दारी ऊन मागायला जायचं, यात त्यांना काहीच वावगं वाटत नसे. मला वाटायचं. आईला मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "तू गंज नीट धर."

बोरसीचे मावसाजी इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेचा क्लास घेतात. भिलाईत क्लास घेणाऱ्या माणसाचा मान काय असतो ते भिलाईबाहेर कळायचं नाही. चौकाचौकात त्यांच्या क्लासमधून पास झालेल्या पोरांचे फोटो लागतात, आणि घराघरात लेकरू सातवी-आठवीत गेलं की त्यांच्याकडे सल्ल्याला जातात. आमच्याही घरात कोणतीही गोष्ट ठरायची असली की बाबा 'बघू' म्हणायचे, आणि बाबांचं 'बघू' म्हणजे मावसाजींना विचारू. त्यामुळे बारावीत मी अर्ज केला, फोनवर मुलाखत दिली आणि बंगळूरच्या एका कॉलेजात पर्यावरण धोरणाच्या पदवीला माझी निवड झाली, तेव्हा बाबा म्हणाले, "बघू." महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा होता, नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

मावसाजी आले. सोफ्यावर बसले. पाणी प्याले.

"पर्यावरन? अवो, थो तं पास व्हाचा पेपर असते. सारेच पास होतेत त्याच्यात."

"मौसाजी, ये अलग है. इसमें कानून है, इकॉनॉमिक्स है..." मी सांगू लागले. मराठीत भांडायला मला शब्द सापडत नसत.

"झाडं लावाची हायेत तं लाव ना बापा. अंगनात लाव. डिग्री कायले पाह्यजे?"

"पेड़ नहीं लगाने हैं मुझे!"

"पाहा," मावसाजी बाबांकडे वळले, "झाडंही नाही लावत म्हनते."

बाबा हसले. मोठ्याने नाही, पाहुण्याचा मान राखण्यापुरते. पण ते हसणं मला जितकं लागलं तितकं मावसाजींचं बोलणं लागलं नाही. मावसाजी परके होते, त्यांना माझी खिडकी पुसायची नव्हती. बाबांचे तर रोजचे डबे त्या धुळीत उघडत होते. मला नोकरी कुठली मिळेल ही त्यांची काळजी खरी होती, ती मला तेव्हाही कळत होती. मग ती माझ्याशी बोलायची होती. माझ्या आयुष्याची चर्चा माझ्यासमोर, मला सोडून सगळ्यांशी चालली होती.

त्यानंतरच्या आठवड्यात मराठी मंडळाचा गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होता. निवेदन दरवर्षी मावसाजींचंच. पाहुण्यांनी निसर्गावर लांबलचक भाषण केलं. पृथ्वी आपली आई आहे, हवा शुद्ध राखणं हे तरुणांच्या हाती आहे, वगैरे. पर्यावरण हा शब्द आला की टाळ्या. मग एकेका मुलाला मंचावर बोलावून प्लास्टिकच्या पिशवीतलं रोप देण्यात आलं. माझं नाव आलं. मी वर गेले, रोप घेतलं आणि मावसाजी प्रमाण मराठीत खणखणीत म्हणाले, "ही गुणी कन्या आता अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणासाठी प्रस्थान करीत आहे!"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. समोर पहिल्या रांगेत बाबा टाळ्या वाजवत होते. आई वाजवत नव्हती. तिने हात मांडीवर ठेवलेले होते आणि ती बाबांकडे बघत होती.

पर्यावरणावर तासभर टाळ्या पिटणाऱ्या त्या सभागृहात, एक मुलगी तेच शिकायला चाललीय हे मात्र सांगायची सोय नव्हती. कार्यक्रम संपल्यावर निम्मी रोपं खुर्च्यांखालीच राहिली होती. माझंही मी तिथेच टाकलं. रोपाचा काही दोष नव्हता, पण मी कोणाचा दोष किती ते मोजायच्या मनःस्थितीत नव्हते.

घरी आल्यावर मी बाबांना धरलं. "आपने ही कहा था ना उनसे ऐसा बोलने को?"

"मंग काय सांगू मी चार लोकांत?" बाबाही चिडले. "लोकं विचारतेत, हे काय असते, पोट्टी काय शिकून राहिली. मले नाही सांगता येत!"

"तो मुझसे पूछना था ना!"

बाबा कपडे बदलायला गेले. आई स्वयंपाकघरात गेली आणि भिजत घातलेल्या गव्हाचं पाणी बदललं.

चीक काढायचा दिवस उजाडला तसा बाबांनी सवयीने आवाज दिला, "लोकलची वेळ झाली वो."

"मी नाही जाऊन राहिली बोरसीले," आई म्हणाली.

"कावून?"

"माह्या घराले गच्ची नाही का?"

बाबांना वाटलं ती रुसली आहे, मलाही तसंच वाटलं. पण तिने घरातच चीक शिजवला, जुनं धुतलेलं लुगडं गच्चीवर अंथरलं, सोऱ्या माझ्या हातात दिला आणि आम्ही दोघींनी ओळीने कुरड्या पाडल्या. शेजारच्या गच्चीवरून काकू ओरडल्या, "अवं, येडी झाली का तू? काळ्या होतीन ना!"

"होऊ द्या," आई म्हणाली. तिने वरून साधं फडकंसुद्धा टाकलं नाही.

काळ्या नाही झाल्या. संध्याकाळी मळकट दिसत होत्या, आणि पूर्ण वाळेपर्यंत राखाडी झाल्या. हात लावला की बोटाला रंग लागायचा. आईने त्या नेहमीसारख्या निगुतीने डब्यात भरल्या, वर झाकण लावलं आणि मावशीला फोन करून दोघांना रविवारी आमरसाचं जेवण सांगितलं.

मावसाजी आनंदात आले. त्यांनी एका इंजिनियरिंग कॉलेजात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता, आणि आज बाबांकडून होकार घेऊनच जायचं असं त्यांचं ठरलेलं होतं. माझ्या होकाराची मुदत दोन दिवसांवर आली होती. मी वाढायला होते. मनात मी ती मुदत मोजत होते आणि तोंडाने आमरस घ्या, पोळी घ्या म्हणत होते, याचाही मला राग येत होता.

आईने शेवटी कुरड्या तळून आणल्या. फुलल्या मात्र मस्त होत्या. तिने प्रत्येकाच्या ताटात एकेक ठेवली. मावसाजींनी तोडून रसाबरोबर घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ही कोनती कुरोडी? रेती लागून राहिली."

"चरोद्याची हाये," आई म्हणाली. "दरसाली तुमच्या गच्चीवरची खाता ना, तं म्हटलं एकडाव आमच्या गच्चीवरची खाऊन पाहा."

मावशी ताटात बघत राहिली. बाबांनी आपल्या कुरडईचा तुकडा तोंडात टाकला. दाताखाली ती कचकचली, ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. मला वाटलं आता ते आईवर ओरडणार. त्यांनी सावकाश चावून तो घास गिळला, वर पाणी प्याले आणि दुसरा तुकडा मोडला. अख्खी कुरडई त्यांनी संपवली.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "त्या कॉलेजात हे शिकवतेत? कोनाची धूळ हाये, ते?"

"हो बाबा," मी म्हणाले. या वेळी मराठीत म्हणाले. "कोणाची आहे, आणि कोणाला विचारायचं तेही."

"मंग कळव त्यायले आजच. येते म्हन."

मावसाजी काही तरी बोलायला तोंड उघडत होते, पण तोंडात अजून तो पहिलाच घास होता. त्यांनी तो कसाबसा गिळला, उरलेली कुरडई ताटाच्या कडेला सरकवली आणि हात धुवायला उठू लागले. आई आमरसाचं पातेलं घेऊन त्यांच्यासमोर उभी होती. ती बाजूला झाली नाही.

"टाकू नोका, भाऊजी," ती म्हणाली. "आमी रोजच खातो."