पिस्टनवरची कणीक

बदली झालेल्या गोऱ्या साहेबाची जुनी मोटार मी हौसेनं घेतली, तेव्हापासून लालबागचा मिस्त्री आमच्याच अंगणात असायचा. आला की माझ्या मुलीला हाक मारायचा, "ताई, कणीक द्या." गाडीचा जोर वाढावा म्हणून त्यानं इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, घासून पातळ केलं होतं. आता व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटेल का, हे तो मधे कणकेचा गोळा दाबून, मग कापून, किती जाड उरला त्यावरून बघायचा. घाई केली की म्हणायचा, "सबर करा, शेठ. इंजिन आहे, जिलेबी नाही."

मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. स्टेशनवर मोटार पाठवून छाप पाडायचा माझा बेत होता. पाहुणे टांग्यातून आले, तेव्हा मिस्त्री कापलेली कणीक डोळ्याशी धरून बसलेला.

"फेल," तो मुलाच्या वडलांनाच म्हणाला.

"काय फेल?"

"गाडी. जागा कमी पडते. कणीक मात्र पहा, एवढी दबली तरी कुठं तडा नाही. ताईनं मळली."

त्यांनी ती चेपून पाहिली, बायकोला दाखवली आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "आम्हाला पसंत आहे."

"अहो, पण मुलगी तर बघा," मी म्हणालो.

मिस्त्रीनं माझा हात धरला. "आता खोलू नका, शेठ. बरोबर बसलंय."