अविनाश सरांचा दहा मिनिटांचा तास

पनवेलच्या कॉलेजात अविनाश सर एकतीस वर्षं भूगोल शिकवत होते, निदान पगार तरी त्याचाच घेत होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि बढती अडली होती ती 'तंत्रज्ञानातून अध्यापन' या ऑनलाइन प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर. प्रशिक्षणाच्या साहित्याची चाळीस पानं होती. सरांनी चाळीस वेळा 'पुढे' दाबलं आणि सगळं वाचलं असं स्वतःलाही पटवून टाकलं. आता शुक्रवारपर्यंत दहा मिनिटांचा तास रेकॉर्ड करून पाठवायचा होता.

सरांनी पनवेलजवळच्या विचुंबे गावातल्या आपल्या घरी, बेडरूमचं दार लावून, भरती-ओहोटीवर तास घेतला. मग मोठ्या ऐटीत बायकोला दाखवला. कुमुदताई पाहत राहिल्या. सर म्हणत होते, "लिहून घ्या. चंद्राच्या आकर्षणामुळे, स्वल्पविराम..." मग बराच वेळ शांतता.

"अहो, मध्ये थांबलात का?"

"मुलं लिहून घेतात ना!"

"बेडरूममध्ये कुठली मुलं?"

वर आणखी नामुष्की म्हणजे अख्ख्या व्हिडिओत दिसत होतं ते टक्कल, कारण मान वहीतून वर आलीच नव्हती. एकतीस वर्षं पोरांनी हेच पाहिलं! सरांना स्वतःची खरोखर लाज वाटली. आपण शिक्षक कसले, टपालवाले. वहीतलं वहीत पोचवणारे.

गुरुवारी त्यांनी वही घरी ठेवली. शिपाई काशिराम मोबाईल धरून उभा राहिला आणि सरांनी भर वर्गात सुरुवात केली. एकतीस वर्षांचं ज्ञान चौथ्या मिनिटाला संपलं. "अष्टमीला भांगाची भरती येते. म्हणजे..." पुढे काही आठवेना. बढती तर गेलीच, आता अब्रूही चालली.

"सांगा कुणीतरी," सर काकुळतीला येऊन म्हणाले. खरं तर ही विनवणी होती, पण वर्गाला प्रश्न वाटला.

उरणच्या कोळीवाड्यातली किशोरी उठली. "सर, भांगाला माझा बाबा जालं लावायलाच जात नाय. पान्याला जोर नसतो, जालं फुगतच नाय. मग मासली कुठून येल? उधान अमावस-पुनवेला."

"फळ्यावर काढून दाखव," म्हणत सर चक्क पहिल्या बाकावर जाऊन बसले. मग त्यांना खरंच कुतूहल वाटलं, ते एकामागून एक विचारत गेले आणि काशिरामने दहा मिनिटं कधीच उलटल्याचं खुणेनं सांगितलं.

दुसरा तास घ्यायला वेळ कुठे होता? सरांनी हाच काटछाट करून, देवाचं नाव घेऊन पाठवला.

पंधरा दिवसांनी प्रमाणपत्र आलं. खाली परीक्षकांचा शेरा होता: 'विद्यार्थिनी उत्तम शिकवते. प्राध्यापक मन लावून ऐकतात.'

सरांनी तो कुमुदताईंना दोनदा वाचून दाखवला.

"ऐकतात? तुम्ही?" कुमुदताईंनी चष्मा पुसून शेरा स्वतः पाहिला. "नाव नीट बघा हो, दुसऱ्या कुणाचं आलं असेल."