ही मिरची वाटायची नाही

त्या दिवशी मी लातूरला मुलाकडं होते. टीव्हीसमोर बसून मेथी निवडत होते आणि पडद्यावर आपले मंत्री विमानाच्या शिडीवरून उतरत होते... तिकडं, शेजारच्या देशात. कितीतरी वर्षांनी असं कुणी तिकडं उतरत होतं. खलील सरांचा फोन आता येणारच म्हणून मी आवाज बारीक केला, आणि खरंच फोन वाजला, नाव त्यांचंच. मी काही बोलूच दिलं नाही. "बघितलं हो, बघितलं! उतरले तुमचे मंत्री. बॅग दारातच उभी आहे ना अजून?" पलीकडून त्यांच्या मुलीचा, नसरीनचा आवाज आला, "बाई... अब्बा गेले." सकाळी चहा पिताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. मी मेथी तशीच टाकून नांदेडची गाडी पकडली. रडू वाटेत आलंच नाही, रागच येत होता. माणसानं आजचाच दिवस निवडावा का?

नांदेडच्या एकाच शाळेत आम्ही उभा जन्म काढला. मी नागरिकशास्त्र आणि इतिहास शिकवायची, ते भूगोल. घरंही एकाच गल्लीत, समोरासमोर. त्यांची थोरली बहीण हमीदाआपा सर शाळेत असतानाच लग्न होऊन कराचीला गेली होती. आई लवकर वारल्यामुळं तोवर सरांना तिनंच वाढवलेलं. त्यामुळं दोन देशांच्या बातम्या आमच्यासाठी बातम्या होत्या, पण सरांसाठी तो घरचा मामला होता. कुणी मंत्री, कुणी पंतप्रधान इकडून तिकडं किंवा तिकडून इकडं जाणार असं कळलं, की सर रविवारची गाडी धरून मुदखेडवरून धर्माबादला जायचे. तिथल्या मोंढ्याच्या बाजारातून लाल मिरची आणायची, गच्चीवर वाळवायची, बसून एकेक देठ खुडायचा आणि पिशवी बांधून बॅगेत ठेवायची. आपाला कराचीची मिरची कधी मानवली नाही. "रंग हाय, पर चव न्हाई," असं ती म्हणायची म्हणे. गच्चीवर मिरची पसरली की सगळ्या गल्लीला ठसका लागायचा आणि खालून कुणीतरी ओरडायचं, "सर, कोण जाऊन राहिलंय?" सर वरून मंत्र्याचं नाव सांगायचे.

आणि बोलणी फिसकटली की तीच मिरची घरोघर यायची! सर स्वतः वाटायचे. आमच्या गल्लीत हा रिवाजच पडून गेला होता. दारात खलील सर पिशवी घेऊन दिसले, की आम्ही पेपर न उघडताच ओळखायचो की तिकडं बिनसलं. फिसकटलेल्या किती बोलण्यांचा ठेचा मी केला असेल, देव जाणे.

आमची भांडणं मात्र खरीखुरी व्हायची. मी स्टाफरूममध्ये तोंडावर म्हणायची, "सर, या सगळ्या फोटोपुरत्या भेटी. हात मिळवायचा, शाल घ्यायची, बिर्याणी खायची आणि परत यायचं. महिनाभर सगळे गोड बोलतात, मग सीमेवर काहीतरी होतं आणि पहिल्यापेक्षा जास्त बिघडतं. उलट भेट ठरली की बिघडवणाऱ्यांना चेव येतो." सर शांतपणे डबा उघडायचे. "बाई, तुमचं सगळं बरोबर हाय. पर मंत्री गेला की त्याच्या मागं सचिव जातो. सचिव गेला की त्याच्या मागं कारकून जातो. आन् कारकून बसला की व्हिसाचं टेबल उघडतं. मला मंत्र्याशी काय करायचं? मला कारकून पाहिजे." मी चिडून त्यांच्या डब्यातलं लोणचं उचलायची.

त्यांचं म्हणणं एकदा खरं झालं, हे मला मान्य करावंच लागतं. मोठी भेट झाली होती, दोन्हीकडं हारतुरे, गाड्या सुरू... आणि हमीदाआपा आली. उंच, सावळी, सरांसारखंच नाक. इतकी वर्षं तिकडं राहूनही बोलणं अस्सल आपल्याकडचं. व्हिसा मात्र फक्त नांदेडचा. आल्याची खबर पोलिसांत द्यायची, गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि आईवडिलांच्या कबरी कंधारला! बसनं तासाभराची वाट. मीच म्हणाले, "अहो, कोण बघतंय? डोक्यावरून पदर घेऊन बसतील, संध्याकाळी परत." सर माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचं ओरडले. "न्हाई म्हणजे न्हाई! आज ती कंधारला गेली तर पुढच्या बारीला तिला नांदेड पण मिळणार न्हाई." शेवटी आपानंच तोड काढली. ती माझ्याबरोबर बसस्टँडवर येऊन बाकावर बसली, कंधारची गाडी लागते तिथं. सरांना म्हणाली, "तू जाऊन ये, मी इथंच हाय." सर गेले, कबरींपाशी फातेहा पढून परत आले, तोवर ती तिथून हलली नाही. ओठ हलत होते, मधूनच हसून मला सांगत होती, "तिकडं मला सगळे अफगाण समजतात, बाई. कुठली म्हणून विचारतात, मी सांगते कंधारची. झालं! आमच्या मोहल्ल्यात मी पठाणीण हाय." मी खो खो हसले आणि ती रडायला लागली. जाताना तिनं धर्माबादची मिरची नेली, आणि आपल्याहून उंच झालेल्या भावाला वाकायला लावून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पुढच्या बारीला तू घेऊन ये," म्हणाली. बस्स. तेवढ्यासाठी हा माणूस पुढं जन्मभर देठ खुडत बसला.

एकदा व्हिसा मिळालाही होता. बॅग भरली, शेरवाणी इस्त्री केली, आम्ही सगळे स्टेशनवर सोडायला जाणार होतो, आणि सीमेवर काहीतरी घडून गाडीच बंद झाली. त्या दिवशी संध्याकाळी सर दारात आले, हातात पिशवी. माझा तोलच सुटला. "फेकून द्या ती मिरची! अजून किती दिवस हे?" ते म्हणाले, "मिरचीवर काहून राग काढू, बाई? तिनं काय केलंय? ठेचा करा, चांगली हाय." मग पिशवी उंबऱ्यावर ठेवून म्हणाले, "भेट झाली म्हणून आपा आली होती ना? एकदा आली ना? मग पुन्यांदा येऊ शकते, मी जाऊ शकतो. एवढाच हिशेब हाय माझा." पुढं फोनवर चेहरा दिसायला लागला, रोज बोलणं व्हायचं. लोक म्हणायचे, आता काय अडलं? सर म्हणायचे, "फोनमधून डोक्यावर हात ठिवता येतो का?"

या वेळी तर मी त्यांना हातच जोडले होते. तब्येत ढासळलेली, डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलेलं, आणि हे धर्माबादला निघाले. "अहो, मंत्री जाणार ते दहा देशांच्या बैठकीला. दोघं एकमेकांकडं बघणारसुद्धा नाहीत!" त्यावर सर म्हणाले, "बघणार न्हाईत, पर एका छताखाली बसणार हायत का न्हाई? बसू द्या." गेलेच. मिरची आणली, गच्ची जमेना म्हणून अंगणात वाळवली. मी लातूरला निघाले तेव्हा बॅग दाराशी उभी होती.

बैठक झाली, जेवणं झाली, मंत्री परत आले. व्हिसाचं टेबल काही उघडलं नाही. सरांच्या चाळिसाव्याला मी त्यांच्या घरी बसले होते, तेव्हा भाभी, सरांची बायको, आतून तीच पिशवी घेऊन आल्या आणि माझ्या मांडीवर ठेवली. "ले लो, बाई. वो रहते तो खुदीच बाँटते थे. अब कौन जाता?" पिशवीचं तोंड सरांनी बांधलेलं, दुहेरी गाठ मारून. मला एकदम भडभडून आलं. म्हटलं, "भाभी, मी घेणार नाही. मिरची घरी आली म्हणजे बोलणी फिसकटली, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. आणि मला कुणी फिसकटली म्हणून सांगितलेलं नाही. ठेवा परत बॅगेत." नसरीन उठली, पिशवी घेतली आणि बॅगेत ठेवून आली.

भेटींबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. फोटोच जास्त, काम कमी. पण बंद दारापेक्षा फोटो बरा, एवढं मी आता मनाशी ठरवून टाकलंय, आणि त्यावर कुणाशीही भांडायला तयार आहे. परवा नसरीन सकाळी सकाळी दारात उभी, हातात रिकामी कापडी पिशवी. म्हणाली, "बाई, बॅगेतली मिरची फिकी पडली, ती घरातच मसाल्याला वापरतो, घरोघर वाटणार न्हाई. धर्माबादच्या मोंढ्यात नवी आलीय. येता का?" मी विचारलं, "का ग, कुणी येऊन-जाऊन राहिलंय का? मी तर काही ऐकलं नाही." "कोणीच न्हाई," ती म्हणाली. "पर माझा पासपोर्ट आलाय. व्हिसाचं टेबल उघडलं की पहिला अर्ज माझा. आन् हमीदाफुफी वाट बघून राहिली." मी म्हटलं, "थांब, चप्पल घालते."

आता हे लिहितेय ते त्यांच्याच गच्चीवर बसून. समोर चादरीवर लालभडक मिरची पसरलीय, भाभी एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला देठ खुडतोय, बोटांची आग होतेय. मघाशी गल्लीतून कुणीतरी जोरात शिंकलं आणि नेहमीसारखं खालून ओरडलं, "बाई, कोण जाऊन राहिलंय?"

मी कठड्याशी जाऊन सांगितलं, "नसरीन!"